साडेचार बोटांच्या शेणी

धोंडुबाईनं आपल्या मरणाची तयारी अशी चोख करून ठेवली होती की यमाला नुसतं हाताला धरून न्यायचं काम उरलं होतं. गोठ्याच्या माळ्यावर तट्ट्याखाली झाकून शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची थप्पी, तिच्या अंगाला उसाच्या वाळक्या चिपाडांच्या पेंढ्या, नारळाच्या झावळ्या, तुरीच्या काटक्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला कापराचा डबा. काडी ओढायची आणि मागं सरायचं, एवढंच पोराच्या वाट्याला ठेवलं होतं. त्यापेक्षा जास्त काम हंबीररावाला झेपणार नाही, याची तिला पुरती खात्री होती.

दरवर्षी उन्हाळ्यात ती नव्या शेणी थापायची आणि जुन्या बंबाला घालायची. मरणासाठी कायम ताजा माल. वाळलेली शेणी दुसरीवर आपटली की कशी कौल वाजल्यासारखी वाजली पाहिजे. वाजली नाही तर परत उन्हात. आठवड्यातून एकदा तरी ती शिडी चढून माळ्यावर जायची आणि एखादी उचलून वाजवून बघायची. सुनेनं, मीनाक्षीनं, एकदा भीतभीत सुचवलं होतं की आत्ती, आता गॅसवरची पण सोय झालीया म्हणं. त्यावर धोंडुबाईनं मी काय कुकर हाय का, एवढंच विचारलं. तो विषय त्या घरात परत निघाला नाही.

आता एखाद्या बाईला मरणाचा एवढा सोस कशाला, असं कुणाला वाटेल. त्याला कारण होतं. तिचा नवरा ऐन श्रावणात गेला. जन्मभर दारात म्हशी बांधून पेठेला दूध पाजलेला माणूस, पण त्याच्या वेळी घरातल्या शेणी ओल्या निघाल्या. चिता धरेना. बायका काही स्मशानात जात नाहीत, पण धोंडुबाई गच्चीवर उभी होती आणि नदीच्या अंगाला काळाकुट्ट, जाड धूर दुपार कलली तरी उठत होता. नंतर दिरानं खाली मान घालून सांगितलं की रॉकेल ओतलं, तरी भागेना, तेव्हा कुणीतरी जुना टायर आणून टाकला. टायर. धोंडुबाईनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिनं दोघांना माफ केलं नाही. एक पाऊस आणि दुसरा शेजारचा केरबा.

पावसाचं कुणी काय वाकडं करणार. पण केरबाचं प्रकरण वेगळं होतं. परड्यातली भिंत दोघांच्या मधली, आणि धोंडुबाईच्या बाजूला तिच्यावर सकाळपासून सांजेपर्यंत ऊन. त्या भिंतीवर थापलेली शेणी बघता बघता कडक व्हायची. नवरा गेला त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात केरबानं आपल्या बाजूनं पत्र्याचं छप्पर काढलं आणि ते चांगलं हातभर अलीकडं, हिच्या भिंतीवर आणून ठेवलं. भिंत सावलीत गेली आणि त्या वर्षीच्या शेणी आतनं ओल्याच राहिल्या. सांगून बघितलं, भांडून बघितलं, पेठेतली चार माणसं बसवून बघितली. केरबा म्हणाला, सूर्य काय तुझ्या बापाचा हाय का. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. धोंडुबाई शेणाची बादली घेऊन जिना चढायची आणि गच्चीवर थापायची. गुडघे गेले तरी चढायची. प्रत्येक पायरीला केरबाच्या नावानं एक शिवी, हे तिचं हरिपाठासारखं नेमानं चालायचं.

आणि आता केरबा दिवाळीपासून अंथरुणाला खिळला होता. भिंतीपलीकडनं त्याचा खोकला ऐकू यायचा. धोंडुबाईला बरं वाटायचं का वाईट, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण खोकला ऐकू आला नाही की ती बादली खाली ठेवून कान द्यायची, एवढं खरं.

तर हा झाला धोंडुबाईचा संसार. आता तिच्या पोराचा संसार बघा.

हंबीरराव हा रणझुंजार तरुण मंडळाचा अध्यक्ष. मंडळाचं नाव तरुण, अध्यक्षाच्या मिशीला कलप. महापालिकेची निवडणूक आज लागते, उद्या लागते असं म्हणत वर्षं गेली, पण हा गडी कायम उभा. कुणाचं बारसं असो, कुणाच्या म्हशीनं स्पर्धा जिंकलेली असो, चौकात फ्लेक्स लागायचा आणि फ्लेक्सवर म्हशीपेक्षा हंबीरराव मोठा असायचा. त्याचा वैरी म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाचा पृथ्वीराज. तो केरबाचाच पोरगा. म्हणजे म्हाताऱ्यांचं भांडण भिंतीवरून आणि पोरांचं वॉर्डावरून. दोन घरांनी वैर असं वाटून घेतलं होतं.

कोल्हापुरात होळीला एक चांगली रीत पडली आहे. होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी नदीकाठच्या स्मशानाला द्यायच्या, म्हणजे गोरगरिबाच्या मयताला उपयोगी पडतात. रीत खरंच चांगली. पण चांगली रीत मंडळांच्या हातात पडली की तिची शर्यत होते, तशी हिचीही झाली. कुणी ट्रॉलीभर दिल्या की दुसऱ्यानं ट्रकभर द्यायच्या. ट्रकापुढं हलगी, हलगीपुढं पोरं, पोरांपुढं अध्यक्ष. एखाद्याला वाटावं, आत मयत आहे का नवरदेव.

गेल्या वर्षी पृथ्वीराजच्या मंडळाचा ढीग मोठा ठरला होता. ते हंबीररावाच्या जिव्हारी लागलं होतं. या वर्षी मोबाईलवरचं एक बातमीवालं चॅनेल येणार होतं. मग काय विचारता. महिनाभर आधी ठरवायचं सोडून गड्यानं आठ दिवस आधी शेणी शोधायला माणसं पाठवली, आणि मलकापूरकडनं टेम्पोनं माल आला तो असा की हात लावला तर बोट आत जावं. वरनं कोरड्या, आतनं हिरव्या. काही वाटेतच मोडून त्यांचा लगदा झालेला. अशा ढिगाचं चित्रीकरण झालं तर पलीकडची गल्ली वर्षभर हसणार, हे त्यालाही कळलं.

हे सगळं धोंडुबाईला नंतर कळलं. कारण होळीच्या आदल्या दिवशी ती कोडोलीला गेली होती, भाच्याच्या वास्तुशांतीला. दोन दिवस राहिली, पुरणपोळी खाल्ली, भाच्याच्या नव्या घराला नावं ठेवली आणि धुळवडीच्या दुपारी परत आली.

मीनाक्षीनं पाणी दिलं. ती भलतीच खुशीत होती. आत्ती, ह्यांचा व्हिडिओ बघा की, म्हणाली, आणि मोबाईल पुढं धरला. त्या बिचारीला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं पोराचं कौतुक बघून म्हातारी खूश होईल. पडद्यावर हंबीरराव फेटा बांधून बोलत होता. पर्यावरण, संस्कृती, सामाजिक बांधिलकी, सगळं एकात एक. मागं शेणींचा डोंगर, आणि काय सुरेख रचलेला. पुढच्या रांगा अगदी गोल, एकसारख्या, वाळून पांढुरक्या झालेल्या.

धोंडुबाईनं चष्मा पुसला. मोबाईल डोळ्याजवळ नेला.

शेणी थापली की थापणाऱ्याचा पंजा तिच्यावर उमटतो आणि तसाच वाळतो. धोंडुबाईच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी. कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. हंबीररावाच्या पाठीमागं, ओळीनं, एकाखाली एक, साडेचार बोटांचे पंजे होते. तिचाच हात तिला पडद्यातनं दिसत होता.

 ती गुडघ्याला हात लावत शिडी चढली. माळा धुऊन काढल्यासारखा मोकळा. चिपाडं नाहीत, झावळ्या नाहीत. लुगड्याचा तुकडा तेवढा घडी घालून ठेवलेला, आणि त्यातला कापूरसुद्धा होळीच्या आरतीला गेलेला. धोंडुबाई त्या रिकाम्या माळ्यावर बसली आणि रडली. नवरा गेला तेव्हा माणसांसमोर रडली होती, आता एकटीच रडली. स्वतःच्या पोरानं लुटलं याचा राग होताच, पण त्याच्या खाली भीती होती. ऊन गेलं आणि पावसाळ्यात आपली वेळ आली तर आपल्यालाही टायर.

संध्याकाळी हंबीरराव रंगलेल्या तोंडानं घरात आला. आधी त्यानं आईला दानाचं पुण्य समजावून सांगितलं. तुझ्याच नावावर पुण्य जमा झालंय म्हणाला. मग चार शेणींसाठी एवढं मनाला लावून घेऊ नये म्हणाला. मग आणून देतो की दुसऱ्या, असंही म्हणाला. धोंडुबाई ऐकून घेत होती. तिनं एकच सांगितलं, उद्या जा आणि माझ्या तेवढ्या परत आण.

"आई, दान दिलेलं परत आणलं तर तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का मला?" हंबीरराव म्हणाला. "आन तू काय उद्या मराय लागलीयस व्हय?"

बोलून गेला तो. मीनाक्षी आतल्या खोलीत गेली. धोंडुबाईनं पोराकडं असं बघितलं की त्यानं टॉवेल उचलला आणि मोरीची वाट धरली.

उद्या मी जाते, असं तिनं ठरवलं. बायका जात नाहीत तर नाहीत. मेल्यावर न्याल ना, मग जिवंतपणी दोन पावलं आधी गेले तर कुणाचं काय बिघडलं. सकाळी तिनं पातळ बदललं, रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, मोठी दोन पोती काखेत घेतली आणि उंबऱ्यात आली. तेवढ्यात भिंतीपलीकडनं बायकांचा हंबरडा उठला.

केरबा गेला होता.

धोंडुबाई पोती घेऊन तशीच उभी राहिली. गल्लीत माणसं धावायला लागली. रिक्षावाला म्हणाला, काकी, आता गल्लीतनं मयत निघंल, मग जाऊ. तिला एकदम उमगलं की मयत कुठं निघणार आहे आणि तिथं कशाचा ढीग पडलाय. स्मशानातली माणसं काही खुळी नव्हेत. ती पुढच्या वाळक्या आधी घेणार. तिनं हंबीररावाला हाक मारली, पण तो कधीच पलीकडच्या दारात, खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढं. वैऱ्याचा बाप असला म्हणून काय, चारशे मतदार बघत होते.

दुपारी ती गच्चीवर चढली. नदीच्या अंगाला धूर उठला. पांढरा, बारीक, सरळ. बघता बघता तोही विरळ झाला आणि नुसती हवा थरथरताना दिसायला लागली. असा धूर तिनं जन्मभर मनात बघितला होता. फक्त त्याच्याखाली ती स्वतः असायची.

"काय झकास जळतोय मुडदा," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. मग संताप आला. ज्यानं माझ्या शेणींवरचं ऊन खाल्लं, ज्याच्या पत्र्यापायी माझा नवरा टायरवर गेला, तो माझ्याच वाळक्या शेणींवर राजासारखा निघाला. माझी करंगळी, माझे गुडघे, माझा जिना, आणि स्वर्गात कोण गेलं तर केरबा. तिनं गच्चीच्या कठड्यावर हात आपटला. तासाभरानं त्याच्या शेजारनंच दुसरा धूर उठला, कुणा दुसऱ्याच्या मयताचा. तो मात्र काळा, जाड आणि जागचा हलेना. तो कुठल्या शेणींचा, ते सांगायला ज्योतिषी नको होता. तिनं त्या अनोळखी मयताला हात जोडले आणि पोराच्या वतीनं माफी मागितली.

हंबीरराव घरी आला तो छाती पुढं काढून. दुसऱ्या धुरापर्यंत तो थांबलाच नव्हता. पृथ्वीराज स्वतः गळ्यात पडला म्हणाला. एका काडीत धरलं म्हणाला, सगळे म्हणत होते रणझुंजारच्या शेणी म्हणजे काय शेणी. वॉर्डात हवा फिरली आई, असंही म्हणाला. धोंडुबाईनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्यात भाकरी होती, वर काही नव्हतं.

रक्षाविसर्जनाला पेठ लोटली. केरबाच्या दारात मांडव, मांडवात खुर्च्या, आणि चौकात हंबीररावानं लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स. त्यावर केरबा कोपऱ्यात होता, दुःखी हंबीरराव मध्ये. भाषणं चालली होती. हंबीरराव माईक धरून केरबाअप्पांच्या शेजारधर्माविषयी बोलत होता, ज्या माणसाच्या दारात तो जन्मात पाणी प्यायला नव्हता. एवढ्यात धोंडुबाई मांडवात आली. तिला त्या उंबऱ्यात बघून माणसं गप्प झाली. हंबीररावाचा माईक तेवढा चालू राहिला, मग तोही बंद पडला.

पृथ्वीराज उठला आणि वाकून पाया पडला. तो हळू आवाजात म्हणाला, काकी, मी ओळखल्या. लहानपणी भिंतीवर चढून मी तुमच्या शेणींची बोटं मोजायचो. रचताना दिसल्या तेव्हाच कळलं, हात कुणाचा हाय. बोलताना त्याचा आवाज कापत होता, आणि तो कापणारा आवाज खरा होता. धोंडुबाईला त्याची कीव आली. पण कीव येऊन भागणार नव्हतं.

"तुझा बाप माझ्या शेणींवर गेला," ती म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "त्या मी माझ्यासाठी ठेवल्या हुत्या. पोरानं न विचारता न्हेल्या. आता मला परत थापाय पायजेत, आन भिंतीवर ऊन न्हाय."

 हंबीररावानं माईककडं असं बघितलं की जणू तोच बोलला. पृथ्वीराजनं आधी पत्र्याकडं बघितलं, मग खुर्च्यांकडं. खुर्च्यांत सगळा वॉर्ड बसला होता. काढतो की काकी, म्हणाला, एवढे तेरा दिवस होऊ देत.

"तेरा दिवसांत मी मेले तर?" धोंडुबाईनं विचारलं.

 पृथ्वीराजनं दोघा पोरांना खूण केली. बापाची राख नदीत सोडून आलेली माणसं छपरावर चढली आणि पत्रे उतरवायला लागली. धोंडुबाई खुर्ची मागवून बसली आणि शेवटचा पत्रा खाली येईपर्यंत उठली नाही. जाताना केरबाच्या फोटोपुढं थांबली. बराच वेळ बघितलं आणि फूल वाहिलं. शिवी दिली की नाही, ते कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यातली भिंत उन्हात उभी होती. इतक्या वर्षांनी उघडी पडलेली, ओल धरून काळी झालेली. धोंडुबाईनं हात लावून बघितला. तापत होती. तिला इतका आनंद झाला की तिनं म्हशीलाच चार गोष्टी सांगितल्या. मग शेण कालवलं, त्यात भुसा टाकला, बादली भिंतीखाली ठेवली आणि हंबीररावाला हाक मारली.

हंबीरराव कालपासून तोंड लपवून होता. पण बादली बघितली आणि त्याचं डोकं चाललं. आईची माफी, मातृसेवा, काळजाला हात घालणारा व्हिडिओ. त्यानं पांढरा सदरा घातला, बाह्या दुमडल्या, मीनाक्षीला मोबाईल घेऊन उभं केलं आणि आईच्या पायाला हात लावून बोलायला सुरुवात केली, की माझ्या माऊलीच्या शेणी मी माझ्या हातानं थापणार हाय. धोंडुबाईनं त्याला बोलू दिलं. पुरतं बोलू दिलं. त्यानं एक शेणी थापली. वाकडी, जाड, मध्ये अंगठीचा खड्डा पडलेली. तशीच मोबाईलला दाखवली.

"माझ्या मी थापीन," धोंडुबाई म्हणाली. "गुडघं गेलं, हात गेल्यालं न्हाईत."

मग ह्या कुणासाठी, त्यानं हसून विचारलं. हसू मोबाईलसाठी होतं.

"तुझ्यासाठी. ऋतुराज पुण्यात बाराव्या मजल्यावर ऱ्हातोय, त्याला शेण म्हंजी काय ते ठावं न्हाय. मी गेल्यावर तुझ्यासाठी कोण थापणार हाय? मलकापूरचा टेम्पो?"

ऋतुराज त्याचा एकुलता एक पोरगा. दोन वर्षं होळीला आला नव्हता, आणि आलाच तर गाडी धुवायला पाणी मागायचा. हंबीररावाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतनं गेलं. त्यानं भिंतीकडं बघितलं. ती ओली, वाकडी शेणी अजून चिकटली होती, कधी गळून पडेल याचा नेम नव्हता.

धोंडुबाईनं आपल्या पाटल्या कोपरापर्यंत सारल्या आणि थापायला लागली. एक, तिच्याशेजारी दुसरी. साडेचार बोटं, साडेचार बोटं.

पहिली रांग पुरी झाली. मग हंबीररावानं मीनाक्षीला मोबाईल बंद करायला सांगितलं. अंगठी काढून खिशात टाकली, धोतर नसल्यानं पँटच गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि बादलीत कोपरापर्यंत हात घातला. भुसा किती घालायचा, त्यानं आईला विचारलं.